पश्चिम खंडसीमेवरील गाळाचे भूकंपीय सर्वेक्षण

भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रतळाखाली साचलेल्या गाळाच्या थरांची जाडी, रचना व क्रम ध्वनितरंगांच्या साहाय्याने निश्चित करण्याच्या पद्धतीस खंडसीमेवरील गाळाचे भूकंपीय सर्वेक्षण असे म्हणतात. खंड संपून महासागराचा खोल तळ सुरू होतो, त्या दरम्यानच्या पट्ट्याला खंडसीमा ही संज्ञा आहे. उथळ भूखंड मंच, त्यापुढील खंडान्त उतार आणि उताराच्या पायथ्याशी साचलेली गाळाची रास हे तिचे मुख्य भाग होत. नद्यांनी जमिनीवरून वाहून नेलेला गाळ कोट्यवधी वर्षे या पट्ट्यात साचत राहतो. त्यामुळे सह्याद्रीच्या झिजेचा आज जमिनीवर न उरलेला पुरावा मोठ्या प्रमाणात अरबी समुद्राच्या तळाखाली आहे. तो पुरावा वाचण्याचे प्रमुख साधन म्हणजे ध्वनी. मात्र ध्वनीने थरांचा आकार कळतो. थर कोणत्या द्रव्याचा आणि किती जुना आहे, याची खात्री वेधन केल्यावरच होते. या पद्धतीचे यश व तिच्या चुका, दोन्हींची उदाहरणे भारताच्या पश्चिम खंडसीमेवर आढळतात.

संज्ञेचा अर्थ

'भूकंपीय' या विशेषणामुळे अशा सर्वेक्षणाचा संबंध भूकंपाशी असावा, असा समज होण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात येथे कृत्रिमरीत्या निर्माण केलेले क्षीण तरंग वापरले जातात. भूकंपाचे तरंग ज्या नियमांनी पृथ्वीच्या पोटातून प्रवास करतात, त्याच नियमांनी हे तरंगही प्रवास करतात, म्हणून हे नाव रूढ झाले आहे.

शहापूर तालुक्यातील भातसा जलाशयाच्या परिसरात १९८३ साली जाणवलेले भूकंप हे याहून सर्वस्वी वेगळे होत. जलाशयात पाणी साठल्यानंतर खडकांतील भेगांवरील दाब बदलून असे धक्के बसू शकतात, आणि त्यांची नोंद घेण्यासाठी भूकंपमापक यंत्रे बसवून केवळ वाट पाहावी लागते. सर्वेक्षणात तरंग केव्हा व कोठे निर्माण करायचा हे संशोधक स्वतः ठरवतो. तरंग सोडल्याचा क्षण व जागा अचूक माहीत असल्यामुळेच परत आलेल्या प्रतिध्वनीवरून खोली काढता येते.

सह्याद्री ते अरबी समुद्र : गाळाचा प्रवास

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. माहुलीचे सुळके, माळशेज घाटाचे कडे आणि नाणेघाटाची खिंड येथे बेसाल्ट खडकाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून हे थर तयार झाले. त्यांना दख्खन ट्रॅप म्हणतात. सह्याद्रीचा कडा पूर्वी आजच्यापेक्षा पश्चिमेस होता व झिजत झिजत पूर्वेकडे सरकला, असे भूरूपशास्त्रज्ञ मानतात. मुख्य रांगेपासून सुटून पश्चिमेस एकटा उभा राहिलेला माहुलीचा डोंगर या झिजेची साक्ष देतो.

कड्याचा झिजलेला भाग नद्यांनी वाहून नेला. माळशेज परिसरात उगम पावणारी काळू नदी मुरबाड तालुक्यातून, तर भातसा नदी शहापूर तालुक्यातून वाहते. भातसा काळूस मिळते आणि काळू उल्हास नदीस मिळते. सुमारे १२२ किलोमीटर लांबीची उल्हास नदी पुढे कल्याणवरून जाते. तिचा मुख्य प्रवाह वसईच्या खाडीतून समुद्रास मिळतो, तर दुसरा फाटा ठाण्याच्या खाडीकडे वळतो. शहापूरच्या उत्तर भागातील पाणी तानसा व वैतरणा या नद्यांतून अरबी समुद्रात जाते. या तालुक्यांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक पाऊस चार महिन्यांतच कोसळतो. त्यामुळे नद्या लहान असूनही पावसाळ्यात त्यांचे पाणी गढूळ होऊन तांबूस दिसते.

या गाळातील जाड कण खाड्यांच्या मुखाशी थांबतात. बारीक चिकणमाती किनाऱ्यालगतच्या उथळ मंचावर पसरते आणि काही अंश त्यापलीकडे खोल पाण्यात पोहोचतो. बेसाल्टच्या विदारणातून स्मेक्टाइट नावाचे चिकणमातीचे खनिज विपुल प्रमाणात तयार होते. समुद्रतळाच्या गाळात ते आढळल्यास त्या गाळाचा संबंध दख्खनच्या पठाराशी जोडता येतो. हिमालयातून सिंधू नदीने आणलेल्या गाळात खनिजांचे प्रमाण वेगळे असते.

पश्चिम खंडसीमेची रचना

भारताचा पश्चिम किनारा दोन मोठ्या विभाजनांतून घडला. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून अलग झाला. पुढे दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकानंतर लवकरच सेशेल्स बेटांचा भूभाग दूर गेला. ताणले गेलेले कवच खचत गेले व त्यावर समुद्र पसरला. पनवेलच्या परिसरात लाव्ह्याचे एरवी जवळपास आडवे असणारे थर पश्चिमेकडे कललेले दिसतात. या रचनेस पनवेल वाक असे म्हणतात. किनाऱ्याजवळचे कवच समुद्राकडे खचल्याची ती खूण मानली जाते.

मुंबई व दमणच्या पश्चिमेस भूखंड मंचाची रुंदी सुमारे ३०० किलोमीटर आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो व केरळलगत त्याची रुंदी पुष्कळच कमी होते. मंचाच्या पलीकडे खंडान्त उतार, त्यानंतर लक्ष्मी द्रोणी आणि तिच्या पश्चिमेस लक्ष्मी पर्वतरांग ही समुद्रतळावरील प्रमुख रूपे आहेत. उत्तरेकडून सिंधू नदीच्या गाळाचा प्रचंड पंखा या सर्व भागावर पसरला आहे. मुखाजवळ त्याची जाडी दहा किलोमीटरच्या घरात जाते. याचा अर्थ असा की, कोकणासमोरील खोल समुद्रात सह्याद्रीचा गाळ आणि हिमालयाचा गाळ एकमेकांत मिसळलेले आहेत.

तत्त्व

समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. ताज्या, पाण्याने भरलेल्या चिखलात हा वेग जवळपास तेवढाच असतो. गाळ खोल गाडला गेला की त्यातील पाणी पिळून निघते, कण घट्ट बसतात आणि वेग सेकंदाला दोन ते तीन किलोमीटर व त्याहूनही अधिक होतो. अखंड बेसाल्टमध्ये तो सुमारे पाच किलोमीटर असतो.

पदार्थाची घनता व त्यातील ध्वनीचा वेग यांच्या गुणाकारास ध्वनिसंरोध म्हणतात. दोन थरांचे ध्वनिसंरोध भिन्न असतील, तर त्यांच्या सीमेवरून ध्वनीचा काही भाग परत फिरतो व उरलेला भाग खाली जातो. परत येणाऱ्या तरंगाचा आयाम किती असेल, हे दोन्ही संरोधांतील फरकास त्यांच्या बेरजेने भागून मिळते. उदाहरणार्थ, २.२ किलोमीटर वेग व २.१ घनता असलेल्या गाळाचा संरोध सुमारे ४.६ येतो. पाच किलोमीटर वेग व २.८ घनता असलेल्या बेसाल्टचा संरोध १४ येतो. फरक ९.४ व बेरीज १८.६ असल्याने गाळाच्या तळाशी असलेल्या बेसाल्टवरून निम्म्या आयामाचा तरंग परत येतो. गाळाच्या दोन सारख्या थरांमधून मात्र काही शतांश भागच परततो.

तरंग खाली जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळेस द्विमार्गी काल म्हणतात. मुंबई हाय परिसरात पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर आहे. तेथे समुद्रतळाचा प्रतिध्वनी १५० मीटरचा प्रवास करून ०.१ सेकंदात परत येतो. लक्ष्मी द्रोणीत ३,६०० मीटर खोल पाण्यात हाच काल ४.८ सेकंद होतो. त्यानंतर १ सेकंदाने आणखी एक प्रतिध्वनी आला आणि मधल्या गाळातील वेग सेकंदाला २ किलोमीटर असला, तर त्या गाळाची जाडी १ किलोमीटर ठरते. येथे वेगाचे अनुमान चुकल्यास जाडीही त्याच प्रमाणात चुकते. म्हणून वेग स्वतंत्रपणे मोजणे हा सर्वेक्षणाचा अत्यावश्यक भाग असतो.

साधने व कार्यपद्धती

सर्वेक्षण नौका सामान्यतः ताशी आठ ते नऊ किलोमीटर या संथ गतीने ठरलेल्या सरळ रेषेत जाते. तिच्या मागे पाण्यात काही मीटर खोलीवर हवेच्या तोफा ओढल्या जातात. त्यांत अतिशय दाबाखाली भरलेली हवा एकाएकी सोडली की पाण्यात बुडबुडा निर्माण होऊन ध्वनीचा जोरदार स्पंद उमटतो. दर दहा सेकंदांनी असा एक स्पंद सोडल्यास दोन स्पंदांतील अंतर सुमारे २५ मीटर होते. पूर्वी या कामासाठी स्फोटके वापरली जात.

परत येणारा ध्वनी टिपण्यासाठी नौकेमागे कित्येक किलोमीटर लांबीची ग्राहक-तार सोडतात. तिच्यात ठरावीक अंतरांवर हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातील दाबाचे सूक्ष्म बदल विद्युत संकेतांत रूपांतरित करणारी यंत्रे, बसवलेले असतात. समुद्रतळाखालचा एकच बिंदू वेगवेगळ्या स्पंदांतून आणि वेगवेगळ्या हायड्रोफोनवर अनेकदा नोंदला जातो. त्या सर्व नोंदी जुळवून त्यांची बेरीज केली असता खरा प्रतिध्वनी ठळक होतो व लाटांचा आणि नौकेचा अनियमित गोंगाट क्षीण होतो. ६४ नोंदींची बेरीज केल्यास संकेत गोंगाटाच्या तुलनेत सुमारे आठपट स्पष्ट होतो. जवळच्या हायड्रोफोनवर प्रतिध्वनी लवकर पोहोचतो व दूरच्या हायड्रोफोनवर उशिरा पोहोचतो. या फरकावरूनच थरांतील वेगाचे गणित मांडले जाते.

खूप खोलवरच्या कवचाच्या अभ्यासासाठी अपवर्तन पद्धत वापरतात. या पद्धतीत तरंग अधिक वेगाच्या थरातून आडवा प्रवास करून दूर अंतरावर वर येतो. त्याची नोंद समुद्रतळावर ठेवलेल्या भूकंपमापकांवर घेतली जाते.

तरंगाची निवड उद्दिष्टानुसार केली जाते. ५० हर्ट्‌झ वारंवारितेचा ध्वनी २,००० मीटर वेगाच्या गाळात ४० मीटर तरंगलांबीचा असतो. तरंगलांबीच्या सुमारे चौथ्या भागाइतका, म्हणजे १० मीटर जाडीचा थर त्याला वेगळा ओळखता येतो आणि तो कित्येक किलोमीटर खोल जातो. ३,५०० हर्ट्‌झचा ध्वनी काही दशक मीटरच खोल जातो. मात्र त्यात दहा-बारा सेंटिमीटर जाडीचे थरही दिसू शकतात. बारीक तपशील आणि मोठी खोली एकाच तरंगाने साधत नाहीत.

आलेखाचे वाचन

सर्वेक्षणातून मिळणारा आलेख हा खडकाचा छेद काढलेल्या चित्रासारखा दिसतो. परंतु त्यातील उभा अक्ष सामान्यतः अंतराचा नसून काळाचा असतो. एकमेकींना समांतर, सलग रेषा शांत पाण्यात सावकाश साचलेला गाळ दर्शवतात. तिरप्या, पुढे पुढे सरकलेल्या रेषा नदीमुखाजवळचा किंवा मंचाच्या कडेचा वाढता गाळ सूचित करतात. खालच्या थरांच्या रेषा एखाद्या पृष्ठभागाशी तुटलेल्या दिसल्या, तर तेथे मध्यंतरी झीज झाली असे समजतात. विस्कळीत, क्रम नसलेला पट्टा बहुधा उतारावरून घसरून आलेल्या गाळाचा असतो.

मुंबईसमोरील मंचावर उथळ सर्वेक्षणांत गाडल्या गेलेल्या नदीपात्रांचे आकार दिसतात. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या परमावधीस, जगातील समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या वेळी आजच्या मंचाचा मोठा भाग कोरडी जमीन होता व सह्याद्रीच्या नद्या त्यावरून वाहत पुढे जात होत्या. पाणी पुन्हा चढल्यावर ती पात्रे चिखलाने भरून गेली. वरच्या सपाट समुद्रतळावरून त्यांचा पत्ता लागत नाही. प्रतिध्वनीमुळेच ती ओळखू येतात.

इतिहास

खंडसीमेवर या पद्धतीचा वापर अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ मॉरिस यूइंग यांनी १९३५ साली अमेरिकेच्या व्हर्जिनिया किनाऱ्यालगत केला. किनाऱ्यापासून दूर जाताना गाळाची जाडी झपाट्याने वाढत जाते, हे त्यांतून दिसून आले. हिंदी महासागराचा पद्धतशीर अभ्यास १९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने सुरू झाला. या मोहिमेच्या पार्श्वभूमीवर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. गवेषणी, सागर कन्या व सिंधु साधना या संशोधन नौकांनी पश्चिम खंडसीमेच्या अभ्यासात महत्त्वाचे काम केले आहे. गोव्यातच वास्को येथे असलेले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रही या क्षेत्रात कार्यरत आहे.

मुंबई हाय

पश्चिम खंडसीमेवरील भूकंपीय सर्वेक्षणाचे सर्वांत परिचित फलित म्हणजे मुंबई हाय हे खनिज तेलक्षेत्र होय. १९६० च्या दशकात सोव्हिएत संघाच्या साहाय्याने खंबायतचे आखात व त्याच्या दक्षिणेकडील समुद्रात सर्वेक्षण झाले. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर गाळाचे थर एका मोठ्या घुमटाच्या आकारात वर उचलले गेले आहेत, असे त्यातून आढळले. घुमटाकार रचनेत वरचा थर अच्छिद्र असला, तर तेल व वायू खालच्या सच्छिद्र थरात अडकून राहू शकतात. 'सागर सम्राट' या वेधन नौकेने येथे विहीर खोदली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले.

येथील मुख्य तेलधारी थर मायोसीन काळातील चुनखडकाचा असून तो एक किलोमीटरहून अधिक खोलीवर आहे. चुनखडक उथळ, स्वच्छ पाण्यातील जीवांच्या अवशेषांपासून बनतो. नदीचा चिखल सतत येत असलेल्या ठिकाणी तो जोमाने वाढत नाही. म्हणून मंचाच्या या भागात त्या काळी जमिनीवरील गाळ कमी पोहोचत असावा, असे अनुमान निघते. घुमटाच्या तळाशी काही ठिकाणी दख्खनचा बेसाल्ट, तर काही ठिकाणी त्याहून जुने ग्रॅनाइटी खडक आढळले आहेत. शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत डोक्यावर दिसणारा खडक येथे गाळाच्या पायाशी सापडतो.

लक्ष्मी द्रोणी व नटराज घसरण

२०१५ सालच्या मार्च ते मे महिन्यांत आंतरराष्ट्रीय महासागर वेधन कार्यक्रमाची ३५५ वी मोहीम लक्ष्मी द्रोणीत पार पडली. 'जॉइडेस रेझोल्यूशन' या वेधन नौकेवरील या मोहिमेचे नेतृत्व भारताचे धनंजय पांडे व पीटर क्लिफ्ट यांनी संयुक्तपणे केले. साडेतीन किलोमीटरहून अधिक खोल पाण्यात दोन ठिकाणी समुद्रतळाखाली प्रत्येकी सुमारे १,१०० मीटरपर्यंत वेधन करण्यात आले. त्यांपैकी एका ठिकाणी गाळ ओलांडून बेसाल्टपर्यंत पोहोचता आले. या द्रोणीखालील कवच खंडीय आहे की सागरी, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

या परिसरातील भूकंपीय आलेखांत गाळाच्या सुबक थरांमध्ये एक जाड, विस्कळीत पट्टा दिसत होता. वेधनात तो पट्टा एका ठिकाणी सुमारे ३३० मीटर व दुसऱ्या ठिकाणी सुमारे १९० मीटर जाडीचा निघाला. त्यात मोडलेले, दुमडलेले थर आणि उथळ पाण्यातील चुनखडकाचे तुकडे होते. उथळ पाण्यात बनलेला खडक साडेतीन किलोमीटर खोल तळाशी सापडण्याचा अर्थ स्पष्ट होता. सुमारे १.०८ कोटी वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम मंचाचा कडेचा भाग कोसळून खोल द्रोणीत आला होता. या घटनेस नटराज घसरण असे नाव देण्यात आले आहे. तिच्यातील द्रव्याचे घनफळ सुमारे १९,००० घन किलोमीटर असावे, असा अंदाज भूकंपीय आलेखांवरून करण्यात आला आहे. अशा प्रकारच्या शांत खंडसीमांवरील ज्ञात घसरणींत ती फार मोठी गणली जाते.

या शोधाचे महत्त्व दुहेरी आहे. समुद्राखालील मोठ्या घसरणीमुळे त्सुनामी निर्माण होऊ शकते. म्हणून ज्या किनाऱ्यांजवळ मोठे भूकंपप्रवण भूपट्ट नाहीत, तेथेही उताराच्या स्थैर्याचा अभ्यास आवश्यक ठरतो. दुसरे असे की, ध्वनीने घसरणीचा विस्तार दाखवला आणि वेधनाने तिचे वय व उगमस्थान सांगितले. दोन विहिरींवरून तिचा पसारा कळला नसता, तसेच केवळ आलेखावरून तिचा काळ ठरला नसता.

बेसाल्टची अडचण

गाळाखालील बेसाल्ट उत्तम परावर्तक असल्याने गाळाचा तळ सहज दिसतो. त्याच कारणाने बेसाल्टच्या खाली काय आहे हे पाहणे अवघड होते. ऊर्जेचा मोठा भाग वरूनच परत फिरतो. उरलेली ऊर्जा लाव्ह्याच्या असंख्य थरांत, त्यांच्या सच्छिद्र माथ्यांत व भेगांत विखुरते. शिवाय समुद्रतळ व बेसाल्ट यांच्यामध्ये पुनःपुन्हा आपटून येणारे प्रतिध्वनी खऱ्या संकेतावर मिसळतात. बेसाल्टखाली मध्यजीव महाकल्पातील गाळ असल्यास त्यात खनिज तेल असण्याची शक्यता असते, म्हणून या प्रश्नाला आर्थिक महत्त्वही आहे. कमी वारंवारितेचे तरंग, अधिक लांबीच्या ग्राहक-तारा, तसेच गुरुत्वाकर्षण व चुंबकत्व यांची मोजमापे यांची जोड देऊन त्यावर उपाय शोधले जातात.

जमिनीवरही हीच अडचण आहे. कोयना परिसरात केलेल्या खोल वेधनांत बेसाल्ट संपताच ग्रॅनाइटी व नाइस प्रकारचे प्राचीन खडक लागले. मधे गाळाचा जाड थर आढळला नाही. किल्लारी येथे बेसाल्टची जाडी ३३८ मीटर निघाली. एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लागू करता येत नाही, हे अशा नोंदींवरून लक्षात येते.

मर्यादा व चुकीची अनुमाने

समुद्रतळाखाली थंड तापमान व मोठा दाब असलेल्या ठिकाणी मिथेन वायू व पाणी यांचा बर्फासारखा स्फटिक बनतो. त्यास वायू हायड्रेट म्हणतात. हायड्रेट असलेल्या गाळात ध्वनीचा वेग वाढतो. त्याखाली मोकळा वायू असल्यास वेग एकदम घटतो. त्यामुळे समुद्रतळाशी समांतर जाणारी व उलट चिन्हाची एक ठळक रेषा आलेखात उमटते. पश्चिम खंडसीमेवर केरळ-कोकण द्रोणीत अशा रेषेसारखी चिन्हे दिसल्यामुळे तेथे हायड्रेट असण्याची अपेक्षा होती. २००६ साली राष्ट्रीय वायू हायड्रेट कार्यक्रमाच्या पहिल्या मोहिमेत तेथे वेधन करण्यात आले, तेव्हा हायड्रेट आढळले नाही. त्याच मोहिमेत पूर्व किनाऱ्यावरील कृष्णा-गोदावरी द्रोणीत मात्र हायड्रेटचा जाड साठा मिळाला. गाळाच्या प्रकारातील साधा बदलही हायड्रेटसारखे चिन्ह उमटवू शकतो, हे यावरून ध्यानात घ्यावे लागते.

किनाऱ्याजवळच्या चिखलात आणखी एक अडथळा येतो. सेंद्रिय द्रव्य कुजून तयार झालेल्या वायूचे बुडबुडे गाळात अडकतात. असे थोडे बुडबुडेही ध्वनी शोषून व विखुरून टाकतात. आलेखात तेथे खालचे थर पडद्याआड गेल्यासारखे नाहीसे होतात. पश्चिम किनाऱ्यालगतच्या मंचावर अशा वायुयुक्त गाळाचे विस्तृत पट्टे नोंदले गेले आहेत. तेथे रेषा दिसत नाहीत, याचा अर्थ थर नाहीत असा होत नाही. पूल, बंदर किंवा तेलविहिरींचे मनोरे उभारताना असा गाळ धोकादायक ठरू शकत असल्याने ही 'न दिसण्याची' नोंदही उपयुक्त असते.

सागरी जीवन व मच्छीमारी

हवेच्या तोफांचा ध्वनी पाण्यात दूरवर पोहोचतो. देवमासे व डॉल्फिन ध्वनीच्या आधारे मार्ग शोधतात व परस्परांशी संपर्क ठेवतात. त्यामुळे त्यांच्या वर्तनावर या ध्वनीचा परिणाम होऊ शकतो. यावर उपाय म्हणून आरंभी क्षीण स्पंद सोडून ते हळूहळू वाढवत नेतात, म्हणजे प्राण्यांना दूर जाण्यास अवधी मिळतो. जवळपास असे प्राणी दिसल्यास काम थांबवण्याची पद्धतही अनेक देशांत पाळली जाते.

लांब ग्राहक-तारेमुळे सर्वेक्षणाच्या पट्ट्यात जाळी टाकता येत नाहीत. पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रात सर्वेक्षण करणे शक्य नसते आणि उरलेला कोरडा हंगाम हाच मासेमारीचाही हंगाम असतो. म्हणून किनाऱ्यावरील मच्छीमार अशा सर्वेक्षणांच्या काळात होणाऱ्या नुकसानीचा प्रश्न मांडत आले आहेत. पूर्वसूचना, कामाच्या वेळापत्रकाची आखणी आणि नुकसानभरपाई हे या प्रश्नाचे मुख्य पैलू आहेत.

गाळाचा हिशेब

गाळाच्या थरांची जाडी अनेक रेषांवर मोजली की त्यांचे एकूण घनफळ काढता येते. त्यावरून जमिनीची झीज किती झाली याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी प्रथम गाळातील पोकळ्या वजा कराव्या लागतात. समजा, एखाद्या क्षेत्रात १०० मीटर जाडीचा गाळ आहे व त्याचा निम्मा भाग पाण्याने भरलेल्या पोकळ्यांचा आहे. तर त्यात ५० मीटर इतकेच घन द्रव्य आहे. ज्या जमिनीवरून ते आले तिचे क्षेत्रफळ गाळाच्या क्षेत्राच्या निम्मे असेल, तर त्या जमिनीवरून सरासरी १०० मीटर जाडीचा खडक झिजून गेला, असे गणित येते.

पश्चिम खंडसीमेवर हे गणित सरळ राहत नाही. समुद्री जीवांपासून बनलेला चुनखडक जमिनीच्या झिजेत धरता येत नाही. नर्मदा व तापी यांनी आणलेला मध्य भारतातील गाळ वेगळा काढावा लागतो. खोल द्रोणीत सिंधूचा वाटा मोठा आहे. खडक विरघळून पाण्यातून निघून गेलेले द्रव्य गाळात सापडतच नाही. नटराज घसरणीसारख्या घटनांत एकदा साचलेला गाळ दुसऱ्या जागी जातो. तो दोन्हीकडे मोजला गेल्यास हिशेब चुकतो. म्हणून ध्वनीने मिळालेल्या घनफळास वेधनातील नमुन्यांची, खनिजांच्या परीक्षणाची व जमिनीवरील निरीक्षणाची जोड द्यावी लागते.

अलीकडच्या काळात या हिशेबात आणखी एक घटक आला आहे. तानसा, वैतरणा, भातसा व बारवी या नद्यांवरील धरणे मुंबई व परिसरातील शहरांची पाण्याची गरज भागवतात. त्यांच्या जलाशयांत नदीचे पाणी संथ होते व गाळाचा मोठा भाग तेथेच बसतो. जो गाळ पूर्वी खाडीतून समुद्रात गेला असता, तो आता शहापूर व मुरबाडच्या परिसरातच साचत आहे. त्यामुळे जलाशयांची साठवणक्षमता हळूहळू घटते आणि खाड्यांना व किनाऱ्यांना होणारा गाळाचा पुरवठाही कमी होतो. जलाशयांतील हा गाळ मोजण्यासाठीही ध्वनीचाच उपयोग केला जातो. होडीवरून सोडलेल्या स्पंदाचा प्रतिध्वनी पाण्याची खोली सांगतो. धरण बांधण्यापूर्वीच्या नकाशाशी ती ताडून पाहिली की साचलेल्या गाळाची जाडी मिळते.